नाटकासाठी लोखंडी बक्कल घडवून हवंय, खाऱ्या हवेत टिकेल असं

शिवणटिपण (रेवदंडा):

नमस्कार. मी शिंपीण आहे. लोहारकामातलं मला ओ की ठो कळत नाही, म्हणून इथे विचारतेय.

आमच्या गावची हौशी मंडळी यंदा जत्रेला नाटक करतायत. विषय १७२१ चा: इंग्रज आणि पोर्तुगीज दोघांनी मिळून कान्होजी आंग्र्यांच्या अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चाल केली आणि हात हलवत परत गेले, तो. एकोणीस पात्रं, आणि एकोणिसांचेही कपडे माझ्याच मशीनवर. कपड्यांचं मी बघून घेईन. घोडं अडलंय ते पट्ट्यांच्या बकलांपाशी.

गेल्या वर्षी दुसऱ्या एका नाटकाला मी ऑनलाइन बकलं मागवली होती. ‘जुन्या घडणीची, हाताने ठोकलेली, अस्सल लोखंडी’ असं लिहिलं होतं. काळी, खडबडीत, दिसायला झकास. दुसऱ्या अंकात फिरंगी कप्तान तलवार उपसायला गेला आणि बक्कल मधोमध मोडलं. पट्टा, म्यान, तलवार सगळं खाली. कप्तानाची विजारही त्याच पट्ट्यावर होती, पुढचं सांगत नाही. माझ्या सासूबाई पहिल्या रांगेत होत्या, त्या अजून प्रत्येक लग्नात हा किस्सा सांगतात. मोडलेल्या जागी आतून राखाडी, दाणेदार, रव्याच्या लाडवासारखं होतं.

मग दिरांनी वेल्डिंगवाल्याकडून सळईची चार बकलं करून आणली. त्यांना बैल बांधा, मोडायची नाहीत. पण चार दिवसांत गंजली. आमचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, इथे खिडकीचे गजसुद्धा दर वर्षी रंग मागतात. पांढऱ्या डगल्यावर नारिंगी डाग पडले, आणि गंमत म्हणजे चामड्यावर नारिंगी नाही, शाई सांडल्यासारखे निळे-काळे डाग. पट्टे कोल्हापूरहून आणलेल्या चपलेच्या चामड्याचे आहेत, ४० मिलिमीटर रुंद.

रोह्याच्या वाटेवर कोयते-विळे घडवणारा एक लोहार बसतो. त्याला विचारलं तर म्हणाला, “बक्कल? ते मी कधी केलं नाय. पण समजावून सांगा.” समजावून काय सांगू, तेच मला समजत नाही. घरी गेटच्या कामातली चकाकणारी जीआय सळई उरलीय, ती देऊ का? तिला गंज तरी येत नाही. आणि त्या काळ्या डागांचं काय करू?

फुकटफौजदार (अलिबाग):

आमचे वडील पोलिसात होते. घरात ‘बक्कल’ म्हटलं की आधी नंबर विचारायचे. एकोणीस बकलांना एकोणीस नंबर ठोकून घ्या, कुठल्या कप्तानाची विजार पडली ते पंचनाम्यात लिहायला सोपं. (मदत काही नाही, क्षमस्व.)

भाता (राजापूर):

ताई, पहिली गोष्ट. ती जीआय सळई भट्टीत घालू नका आणि त्या लोहारालाही घालू देऊ नका. चकाकतं ते जस्त आहे. जस्त ९०७ अंशांना उकळतं, आणि लोखंड घडवण्याइतकं पिवळं करायचं तर त्याच्या पुढे जावं लागतं. पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. मी आयटीआयत फोर्जिंग शिकवत निवृत्त झालो, दर दोन-तीन वर्षांनी एखादा हुशार मुलगा घरून असली सळई आणायचाच.

तुमचं मोडलेलं बक्कलही बहुतेक जस्ताचंच, साच्यात ओतलेलं. दाणेदार मोड ही त्याची ओळख. पुढच्या वेळी चुंबक लावून बघा. चिकटला नाही तर लोखंड नाही, वर कितीही हातोड्याच्या खुणा असोत. त्या खुणाही साच्यातल्याच असतात. आठ बकलं शेजारी ठेवलीत तर आठांवर त्याच जागी तोच खड्डा दिसेल.

आता लोहाराचं. कोयता घडवणाऱ्याला बक्कल अवघड नाही, फक्त त्याला ते ‘बक्कल’ म्हणून सांगू नका. ‘कडी आणि काटा’ म्हणा. आणि तोंडाने सांगण्यापेक्षा बांधकामाच्या बायंडिंग तारेची दोन-तीन पदरं पिळून हव्या त्या मापाची कडी वाकवून न्या. माझे वडील कुडाळकडचे लोहार, त्यांना कागदावरचं चित्र दाखवलं की चिडायचे, पण काठीचा तुकडा जरी नमुना म्हणून दिला तरी तसाच्या तसा उतरवायचे.

माप असं. पट्टा ४० चा, तर कडीची आतली रुंदी ४२ ठेवा. दोन मिलिमीटर सुटलेच पाहिजेत, पावसाळ्यात चामडं फुगतं. आतली उंची ३० पुरे. सळई सहा मिलिमीटरची, साधी गोल गुळगुळीत घ्या. टीएमटी, म्हणजे स्लॅबला घालतात ती, नको, तिच्या अंगावरचे उंचवटे ठोकूनही पुरते जात नाहीत, आणि बाहेरचा थर मुद्दाम कडक केलेला असतो. कडीचा घेर सळईच्या मध्यरेषेवरून मोजायचा: ४८ अधिक ३६, त्याची दुप्पट १६८. कोपरे गोल होतात तिथे थोडं वाचतं, सांध्याला थोडं जातं, म्हणून १७० चा तुकडा कापायला सांगा. वजनही काढून ठेवा, म्हणजे लोहार पैसे किलोवर सांगणार असेल तर बोलता येईल. सळईच्या जाडीचा वर्ग भागिले १६२, म्हणजे एका मीटरचे किलो. छत्तीस भागिले १६२, मीटरला २२२ ग्रॅम. तुमची एक कडी ३८ ग्रॅमची. लोखंडाचे पैसे काहीच नाहीत, पैसे हाताचे आहेत, आणि ते द्या.

सांधा कुठे येतो हे बघा, सगळी गोम तिथे आहे. पट्टा ज्या बाजूला दुमडून शिवला जातो आणि काटा ज्या दांडीवर फिरतो, त्या दांडीवर सांधा आणायचा. दिसत नाही, आणि ओढ बसली तरी चामड्याची दुमड त्याला धरून ठेवते. नुसती टोकाला टोक भिडवलेली कडी कंबरपट्ट्याला चालून जाईल. तलवारीचं वजन लटकणार असेल तर सांधा पक्का हवा. दोन्ही टोकं तिरकी पातळ करून एकमेकांवर घ्यायची, वर टाकणखार टाकायचा, आणि लोखंड पांढरट पिवळं, ओलं दिसायला लागलं की हलके तीन-चार ठोके. जोरात नाही. सहाची सळई एवढी बारीक की क्षण चुकला तर फुलबाजी उडते. फुलबाजी उडाली म्हणजे लोखंड जळालं, तो तुकडा फेकायचा. तुमच्या लोहाराला आगीतला जोड येत नसेल तर लाजायचं कारण नाही, पितळेचा झाळ द्यायला, म्हणजे पितळ वितळवून सांधायला सांगा. तोही जुनाच प्रकार आहे.

मला स्वतःला सांध्याशिवायची कडी आवडते. २० रुंद, ५ जाड पट्टी घ्यायची, मधोमध ५० मिलिमीटर अंतरावर दोन भोकं पाडायची, पट्टी तापवून छिन्नीने एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत चीर द्यायची आणि ती चीर ऐरणीच्या शिंगावर उघडत न्यायची. भोकं नसतील तर चीर पुढे फाटत जाते. मग बाजू ठोकून बारीक करायच्या. ठोकल्या की त्या लांबतात, म्हणून चीर सुरुवातीला आखूडच ठेवायची. याला वेळ जास्त लागतो. एकोणीस करून मागितलीत तर लोहार पुन्हा फोन उचलणार नाही.

काटा चार मिलिमीटरच्या सळईचा. एक टोक पातळ चपटं करून दांडीभोवती गुंडाळायचं, पण आवळून नाही, तो सहज पडला पाहिजे. दुसरं टोक बोथट. टोक कडीच्या बाहेर एक-दोन मिलिमीटरच्या वर आलं तर शेला अडकून फाटेल, आणि तो शेला तुम्हीच शिवलेला असेल. काटा जिथे टेकतो तिथे कानशीने बारीक खाच द्या, म्हणजे नाचताना घसरत नाही.

घडवताना एकच सांगणं: लाल रंग मावळला की हात थांबवायचा. वडील म्हणायचे, “थंड लोखंडार घण मारशीत तर ता उद्या सूड घेतला.” ते खरं आहे. चीर तेव्हा दिसत नाही, प्रयोगाच्या दिवशी दिसते.

कोणीतरी इथे ‘अस्सल जुनं लोखंडच हवं’ म्हणेलच, म्हणून आधीच लिहितो. १८५६ मध्ये पोलाद करायची बेसेमरची पद्धत आली, त्यानंतर हळूहळू स्वस्त पोलाद सगळीकडे गेलं. त्याआधीचं घडीव लोखंड वेगळं असतं, त्यात कीट, म्हणजे भट्टीतला मळ, राहिलेलं असतं आणि ठोकून ठोकून त्याचे धागे होतात. जुन्या बैलगाडीची धाव, म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी, मिळाली तर एका बाजूने अर्धी कापून वाकवून बघा. आत सोडणाच्या काथ्यासारखे तंतू सुटले तर ते जुनं लोखंड. हाताला फार गोड लागतं, पण पिवळं असतानाच ठोकावं लागतं, नाहीतर बांबूसारखं उभं चिरतं. नाटकाला त्याची गरज नाही. तिसऱ्या रांगेतून तुमच्या सासूबाईंनाही फरक कळणार नाही.

(पहिल्या रांगेत बसतात म्हणालात ना. तरीही नाही कळणार.)

गंजाचं. पूर्ण गंज थांबवणं खाडीकाठी कोणाच्या बापाला जमलेलं नाही, लांबवता येतो. घडवून झालं की काळी खपली तारेच्या ब्रशने काढा, रात्रभर चिंचेच्या कोळात ठेवा, मग खायच्या सोड्याच्या पाण्यात, मग साध्या पाण्यात धुऊन लगेच चुलीवर सुकवा. नंतर हिरडा कुटून उकळलेल्या पाण्यात तासभर. बक्कल निळसर काळं होतं, रंग लावल्यासारखं नाही, आतूनच आल्यासारखं. मग ते परत तापवा. लाल करायचं नाही, जेमतेम दोनशे अंश, मेणाचा तुकडा टेकवला की चर्र होऊन धूर यावा इतकं. जवसाचं तेल आणि मधमाशांचं मेण फडक्याने पातळ चोळा, गोणपाटाने पुसा, असं तीनदा. खोबरेल लावू नका. ते वाळत नाही, चिकट राहतं आणि वाळू धरतं. जवस वाळून कातडी धरतं, म्हणून तेच.

आणि ते जवसाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ते स्वतःच तापतं आणि पेट घेऊ शकतं. शिंप्याच्या दुकानात तर मुळीच नको. पाण्यात बुडवा नाहीतर अंगणात पसरून वाळवा.

आरीवाला (रत्नागिरी):

भाताकाका सगळं लोखंडाचं बोलले, चामड्याचा वकील मी. मूळचा कोल्हापूरकडचा, पिढीजात चप्पलकाम, आता रत्नागिरीत पट्टे आणि पिशव्या करतो.

ताई, ते डाग गंजाचे नाहीत, खरोखर शाईचे आहेत. आमचं चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं असतं. जुन्या लोकांची हिरडा-हिराकसाची शाई ठाऊक असेल, हिराकस म्हणजे लोखंडाचाच क्षार. नटाला घाम आला, चामडं ओलं झालं, लोखंड आतल्या हिरड्याला भेटलं, की पट्ट्यावर आपोआप दौत सांडली. काकांनी बकलाला हिरड्याच्या पाण्यात काळं करायला सांगितलं तीच ही क्रिया. बकलावर हवी असते, पट्ट्यावर नको असते.

आता झालेल्या डागांवर ऑक्झॅलिक ॲसिडचं पातळ पाणी कापसाने लावून लगेच धुवायचं. विषारी आहे, हातमोजे घाला आणि स्वयंपाकघरात करू नका. फिकट होतील, पुरते जाणार नाहीत. माझं मत विचाराल तर राहू द्या. फिरंगी शिपायाचा पट्टा कोराकरकरीत कशाला हवा? डगल्यावरच्या नारिंगी डागांना लिंबू-मीठ लावून उन्हात टाका. ब्लीच चुकूनही नको, गंजाचा डाग त्याने पक्का होतो.

पुढे डाग पडू नयेत म्हणून पट्टा जिथे बकलावर दुमडतो तिथे आतून क्रोमच्या, म्हणजे हिरड्याऐवजी क्रोमच्या क्षारात कमावलेल्या, चामड्याची पातळ पट्टी लावा. जुन्या पर्सचा तुकडा चालतो. क्रोम काळं पडत नाही. ती दुमड रापीने, म्हणजे चामड्याच्या सुरीने, आधी निम्मी पातळ करून घ्या, नाहीतर तीन थरांचा गठ्ठा होतो आणि काटा फिरत नाही. काट्यासाठीचं भोक गोल नको, लांबट हवं, दोन टोकांना गोल आणि मधे चीर, साधारण २५ मिलिमीटर. पहिल्यांदा करणारे सगळे इथेच चुकतात. मीही चुकलो होतो, तो पट्टा अजून खुंटीला आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ती दुमड शिवू नका, रिव्हेटही मारू नका. दोन-दोन भोकं पाडून चामड्याची वादी ओवा आणि गाठ मारा. जत्रा झाली की गाठ सोडायची, बक्कल वेगळं, पट्टा वेगळा. बक्कल तेल चोळून तांदळाच्या डब्यात पुरून ठेवा, पट्टा वाऱ्यावर. कोकणात लोखंड आणि चामडं चार महिने एकत्र बांधून ठेवलं तर दोघंही मरतात. प्लास्टिकच्या पिशवीत तर लवकर मरतात.

भाता (राजापूर):

तांदळाच्या डब्यात कागदात गुंडाळून ठेवा हो, नाहीतर मऊभाताला जवसाचा वास. बाकी वादीची युक्ती फक्कड. माझ्या डोक्यात आली नव्हती.

सातखणी (चौल):

मला एक मूलभूत शंका आहे. एकोणीस बकलं लागतातच कशाला?

तुमच्या एकोणिसांत मराठे किती? साध्या शिपायाच्या कमरेला शेला असायचा, गाठ मारलेला, आणि त्यातच कट्यार खोचलेली. त्याला बक्कल लावलंत तर तो शाळेच्या स्काऊटसारखा दिसेल. सरदारांच्या तलवारीला चामड्याचं पडतळं, म्हणजे तलवार अडकवायचा पट्टा, द्या, त्यावर धातूच्या कड्या-बकलं शोभतील, पण कमरेला तिथेही कापडी कमरबंदच. जुनी व्यक्तिचित्रं नीट बघा. पुण्यात गेलात तर राजा दिनकर केळकर संग्रहालयात शस्त्रांचं दालन बघून या, फोटोपेक्षा डोळ्यांनी जास्त कळतं.

बकलं खरी फिरंग्यांना. तिथेही शिपायाच्या छातीवरच्या रुंद पट्ट्याला पितळी शोभतं. लोखंडी द्या ते काडतुसाच्या पिशवीला, झोळीच्या बंदाला, घोड्याच्या तंगाला. घोडा तुम्ही रंगमंचावर आणणार नसाल अशी आशा आहे.

आणि रेवदंड्यात राहून पोर्तुगीज कपड्यांसाठी ऑनलाइन शोधत बसलात याची मौज वाटली. १७४० पर्यंत तुमचं गाव त्यांच्याच तटाच्या आत होतं. बकलं मिळणार नाहीत, पण तो सातमजली मनोरा संध्याकाळी बघून या, नेपथ्यवाल्यालाही घेऊन जा.

शिवणटिपण (रेवदंडा):

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. सातखणी, तुमचं वाचून मोजदाद केली. अकरा मराठे, त्यातले दोन सरदार. उरले आठ फिरंगी, त्यातल्या एका पाद्र्याला कमरेला दोरी. म्हणजे फिरंग्यांची सात बकलं आणि पडतळ्यांची दोन, झाली नऊ. दहा बकलांचे पैसे वाचले. मनोरा मी रोज बघते हो, दुकानात जाताना वाटेवरच आहे. बघत नाही असं म्हणा हवं तर.

काल लोहाराकडे गेले होते. तारेची कडी दाखवली तर म्हणाला, “हां, ही होय! खोगिराची कडी. आजा करायचा आमचा.” म्हणजे काम घरातलंच होतं, शब्द माझा परका होता. त्याची बायको भाता फिरवते, हाताने फिरवायचा पंखा आहे, आणि भट्टीत लोणारी कोळशाबरोबर करवंट्याही टाकतात. आगीतला जोड त्याने मारून दाखवला. पहिला जळाला, फुलबाजी उडाली, तेव्हा मीच “गेला!” म्हणाले. त्याने माझ्याकडे असं बघितलं की ही बाई कोण. दुसरा बसला. काटा मी घरी येऊन स्वतः गुंडाळला, दिरांच्या पकडीने, कारण मला कळून घ्यायचं होतं.

घरच्या काट्यावर, म्हणजे तराजूच्या काट्यावर, बक्कल भरलं ४४ ग्रॅम, काटा धरून. हिरड्याचं पाणी झालं, मेण झालं, फडकं बादलीत आहे. पट्ट्यावर वादीने बांधून अंगणात टांगलंय, आज तिसरा दिवस, अजून काळंच आहे. फोटो टाकतेय. उरलेली आठ सांगू ना त्याला?

भाता (राजापूर):

फोटो मोठा करून बघितला. कडी चोख आहे, सांधा शोधूनही सापडला नाही. तुमच्या लोहाराला माझा नमस्कार सांगा.

पण ताई, तुम्ही गुंडाळलेला काटा उलटा बसलाय. वेटोळ्याचं मोकळं टोक वरून आलंय, प्रेक्षकांच्या बाजूला. ते खालून, चामड्याच्या बाजूला जायला हवं, नाहीतर पट्टा ओढताना दर वेळी बोट कापेल. मेण जळून काटा लाल होईपर्यंत तापवा, सोडवा आणि परत गुंडाळा. थंड असताना सोडवू नका.

उरलेली आठ सांगा.